कुलूपबंद चौकीपुढचं हळदीकुंकू

आमच्या भागातली पोलीस चौकी पोलिसांनी बांधली नाही. आम्ही बांधली. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवण्यात आलं, की पोलिसांच्या जागेत तुम्हा बायकांचं काय काम?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवली पूर्वेला, कंपन्यांच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या चार मजली इमारती नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. इमारतींच्या मागे मोकळं मैदान, मैदानाला लागून नाला. नाल्याचं पाणी एखाद्या दिवशी हिरवं, एखाद्या दिवशी तपकिरी, आणि वास तर कायमचाच. कंपन्यांतून घरी येणारी माणसं मैदानातल्या पायवाटेने यायची, कारण रस्त्याने फार मोठा वळसा पडायचा. त्या वर्षी साखळीचोरांनी उच्छाद मांडला होता. दर पंधरवड्याला कुणाचं तरी मंगळसूत्र जायचं. म्हणून नागरिक समिती स्थापन झाली. बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या शेजारच्या इमारतीतले एक काका अध्यक्ष झाले. त्यांच्या तोंडी सारखा एकच शब्द असायचा: सहकार्य. पोलिसांना नागरिकांनी सहकार्य केलं पाहिजे.

पोलीस ठाण्याचे साहेब एका रविवारी आमच्या गच्चीवर आले. बटाटेवडे झाले, चहा झाला. साहेब म्हणाले, "तुम्ही लोक पुढाकार घेत असाल तर इथे एक चौकी उभी करता येईल." एवढंच म्हणाले. पण समितीला वाटलं, झालंच आता. कुणी विटा दिल्या, कुणी पत्रे, कुणी खिडकीचं ग्रिल. पायवाट जिथे रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर दोन खोल्या आणि पुढे ओटा, असं बांधकाम महिन्याभरात उभं राहिलं.

चोरी व्हायची मैदानात, आणि चौकीचं तोंड केलं रस्त्याकडे. मैदानाकडे पाठ. मागच्या भिंतीला खिडकीसुद्धा नाही. कारण देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दर्शनी भागात लावायची होती, आणि ती रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता यायला हवी होती. नावांच्या क्रमावरून समितीत जितकं भांडण झालं तितकं चौकीत पोलीस कुठून येणार यावर झालं असतं, तर मला हे लिहायची वेळ आली नसती. पाटी लागली. मुहूर्त काढून सत्यनारायण झाला. ठाणे शहरातून मोठे अधिकारी आले, फीत कापली, अध्यक्षकाकांनी तबकात नारळाशेजारी ठेवून किल्ली साहेबांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चौकीला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशीही होतं.

देऊळ बांधलं की देव आणून बसवता येतो. हवालदार मंजूर करून आणावा लागतो. तो कोण मंजूर करणार, हा साधा प्रश्न आमच्या एवढ्या शिकल्यासवरल्या समितीत एकानेही साहेबांना विचारला नव्हता, कारण विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

अजून एक गोष्ट घडली. चौकी नव्हती तेव्हापासून त्या कोपऱ्यावर संध्याकाळी खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या तीन-चार बायका मासळी घेऊन बसायच्या. त्यांची गॅसबत्ती फसफसत जळायची. तिच्या उजेडात मैदानाचा अर्धा भाग दिसायचा; चोऱ्या व्हायच्या त्या उरलेल्या अर्ध्यात. त्यांच्यातली एक सगळ्यांत वयस्कर, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. चौकी झाल्यावर समितीला वाटलं, दर्शनी पाटीखाली मासळीचा वास बरा नाही. अर्ज गेला. एका संध्याकाळी हवालदार आला, त्याने टोपल्या उचलायला लावल्या. नव्या चौकीच्या नावावर झालेली ती पहिली कारवाई. मावशी टोपली डोक्यावर घेऊन आमच्या इमारतीवरून जाताना मोठ्याने म्हणाली, "बसा आता पाटी वाचत." बायका पुलाकडे जाऊन बसायला लागल्या. कोपरा अंधारला.

माझी आत्या त्या वाटेने रोज यायची.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली आणि आमच्याकडे आली. मी तेव्हा लहान होते; चौकी झाली त्या वर्षी कॉलेजात होते. औषधांच्या एका कंपनीत ती गोळ्यांची पाकिटं भरायची. कायम नव्हती, रोजंदारीवर होती. कंपनीच्या गेटवर रोज सकाळी काम मागायला बायका उभ्या असायच्या. आतली एखादी आठवडाभर आली नाही, की बाहेरचीला आत घ्यायचे. त्यामुळे आत्या तापातसुद्धा कामावर जायची. हिवाळ्यात सुटायच्या वेळेला अंधार पडलेला असायचा. मैदान ओलांडून ती घरी यायची, चप्पल काढता काढता आईला म्हणायची, "वहिनी, चहा टाका, आज मी माणसासारखी दमलेय." ती नोकरी म्हणजे तिचा हातखर्च नव्हता. त्या नोकरीमुळे ती आमच्या घरात आश्रित नव्हती. हे ती कधी बोलली नाही, पण मला कळायचं.

जानेवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ती कोपऱ्याजवळ पोचली असताना नाल्याच्या बाजूने दोघं जण आले. एकाने पिशवी ओढली. आत्याने सोडली नाही. दुसऱ्याने तिचा हात धरून पिळला आणि असं काही बोलला, जे तिने आईलाही नीट सांगितलं नाही. तिला ढकलून देऊन ते पिशवी घेऊन गेले. पिशवीत डबा होता, पाण्याची बाटली आणि स्वेटर. आत्या घरी आली तेव्हा कोपर सोललेलं होतं, चष्म्याची एक काच गेलेली होती. तिने चहा मागितला नाही.

मी आणि आई तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. मासळीवाल्यांना उठवणारे तेच हवालदार टेबलामागे होते. त्यांनी पत्ता विचारला आणि म्हणाले, "तुमच्याकडे तर नवी चौकी झालीये ना? तिथे का नाही गेलात?"

मी म्हटलं, "तिथे कुलूप आहे."

"हां. माणूस नाहीये."

"मग आम्ही तिथे जाऊन कुलपाला सांगायचं का?"

आईने माझा दंड दाबला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले नव्हते, थकले होते. म्हणाले, "पोरी, सकाळी कल्याणला बंदोबस्त, दुपारी कोर्ट, आता इथे. मी कुलूप उघडायला कधी येऊ ते तूच सांग."

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "या महिन्याचा पगार घे आणि सोड ती नोकरी."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. बाबा कारखान्यात कारकून आणि बाकीच्या सगळ्या वेळात कार्यकर्ते. घरातल्या कपाटावर सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, आणि मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. मागची बाजू आपोआप वाचली जायची. महागाई, बोनस, धरण, हुंडा. 'रस्ता स्त्रीचाही आहे' असा मथळा असलेलं पत्रक बाबांनी लिहिलं तेव्हा मी सातवीत होते. ते मी शाळेत भाषण म्हणून पाठ करून म्हटलं होतं आणि बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळवला होता. आणि आता तेच बाबा वरणभात कालवत सांगत होते, सोड.

"बाबा, रस्ता स्त्रीचाही आहे," मी म्हटलं.

"ते तत्त्व झालं. ही माझी बहीण आहे."

"ज्यांच्यासाठी पत्रक लिहिलं त्या कुणाच्याच बहिणी नव्हत्या का?"

"तू जास्त बोलतेस."

"तुम्हीच शिकवलंत."

आत्याही तिथेच जेवत होती. तिने ताटातला शेवटचा घास घेतला, ताट उचललं आणि उभ्या उभ्या म्हणाली, "दादा, तुझी पत्रकं मी काच पुसायला वापरत नाही रे. वाचते मी." आणि मोरीत गेली.

बाबांनी वरणभात संपवला. शब्द मात्र मागे घेतला नाही. घर त्यांचं होतं. महिनाअखेर आणि पगार, म्हणजे संक्रांतीनंतर थोडेच दिवस. तोवर मी रोज कंपनीच्या गेटवर जाऊन आत्याला घेऊन यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी बाबांना त्यातली मेख कळली. "आधी एकीची काळजी होती, आता दोघींची," ते म्हणाले.

मी समितीच्या बैठकीत गेले. बैठक अध्यक्षकाकांच्या दिवाणखान्यात होती, सोफ्यावर पुरुष, स्वयंपाकघराच्या दारात बायका. मी म्हटलं, चौकी उघडी ठेवा म्हणून साहेबांकडे मोर्चा नेऊ या.

काका म्हणाले, "मोर्चा? अगं, आपण पोलिसांचे मित्र आहोत. आपले संबंध आहेत."

"संबंध आहेत तर किल्ली मागा."

"दिलेली वस्तू परत मागतात का कधी?"

"मग मासळीवाल्या बायकांना तरी परत बसू द्या. त्यांची बत्ती होती तोवर त्या कोपऱ्यावर कुणाला हात लावायची हिंमत झाली नव्हती."

यावर कुणी हसलं. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बोंबील आपलं संरक्षण करणार?" सगळे हसले. स्वयंपाकघराच्या दारातल्या बायका हसल्या नाहीत. ते मी पाहिलं.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं, माझं स्वतःचं. 'चौकी आहे, पोलीस नाही. पाटी आहे, दिवा नाही. साहेब, आम्ही विटा दिल्या, तुम्ही माणूस द्या. माणूस देत नसाल तर आमच्या विटा परत करा.' बाबांनी ते वाचलं. मला वाटलं, फाडणार. त्यांनी एक लांब वाक्य तोडून त्याची दोन केली आणि मशीन कपाटावरून खाली काढून दिलं. मी रात्री प्रती काढल्या आणि सकाळी प्रत्येक दाराखालून सरकवल्या.

मोर्चाला कुणी आलं नाही. मी, आत्या आणि कॉलेजातल्या दोन मैत्रिणी. पाणी सुटायची वेळ होती, कुणाच्या मुलाची परीक्षा होती, कुणाच्या नवऱ्याने सांगितलं होतं की ती पोरगी पोलिसांची बदनामी करते, तिच्या नादी लागू नको. अध्यक्षकाकांनी साहेबांना फोन करून पत्रकाबद्दल माफीही मागून टाकली, माझ्या वतीने, मला न विचारता.

मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी आई तीळ भाजत होती. तिने झारा थांबवला आणि म्हणाली, "मोर्चाला कुणी यायचं नाही गं. हळदीकुंकवाला नाही कशा म्हणतील?"

माझ्या लक्षात आलं नाही.

"चौकीच्या ओट्यावर ठेवू," आई म्हणाली. "यंदाचं आपलं हळदीकुंकू. मग दुसरीचं, मग तिसरीचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाचं ना कुणाचं असतंच. घरात जागा नसते, दाटीवाटी होते. ओटा मोठा आहे. संध्याकाळी सहा ते आठ."

मी आईकडे बघत राहिले. या बाईने आयुष्यात एक पत्रक लिहिलं नव्हतं. बाबांच्या पत्रकांवर ती पापड वाळत घालायची. पण मला तिच्या बेतातली एक गोष्ट मान्य नव्हती आणि मी ती सोडणार नव्हते. मी दहावीपासून हळदीकुंकवाला जाणं बंद केलं होतं, कारण आमच्याकडे हळदीकुंकू असलं की आत्या स्वयंपाकघरात खिरापत वाटीत भरत बसायची आणि बाहेर यायची नाही. ज्या रस्त्यासाठी हे चाललंय तो रस्ता तिचा, आणि ती आत?

"आत्या करंडा हातात घेणार असेल तर," मी म्हटलं. "तिच्या हाताने वाण. नाहीतर मी येणार नाही, आणि तुम्हीही करू नका."

आई बराच वेळ तीळ हलवत राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा तिने गॅस बंद केला. "वन्संना विचार," ती म्हणाली.

आत्या म्हणाली, "मी वाण देईन. पण प्लास्टिकच्या गाळण्या नाही देणार. कल्याणच्या बाजारातून शिट्ट्या आणू. खेळाच्या मास्तरांच्या असतात तशा."

शिट्ट्या आणल्या. आता उरली मावशी. आई, आत्या आणि मी पुलाकडे गेलो. मावशी बोंबील मांडून बसली होती. आईने वाकून आमंत्रण दिलं.

"कवा?" मावशीने विचारलं.

"संक्रांतीला. चौकीच्या ओट्यावर. आणि टोपल्या घेऊन या, बत्तीपण."

मावशी कोयत्याने मासळीचं शेपूट उडवत म्हणाली, "आता मासलीचा वास नाय येत का तुमाला?"

आत्या म्हणाली, "येतो. पण अंधाराचा जास्त येतो."

मावशीने आत्याच्या फुटक्या चष्म्याकडे पाहिलं. नवी काच अजून बसवली नव्हती. "तुजा हात पिललान तीच तू का?" ती म्हणाली. "ती तू हाय असा मना कोनी बोललाच नाय." मग शेजारणीला ओरडून म्हणाली, "आयकलंस का गो? आपल्याला सरकारी ओट्यावर बोलावलंय!"

संक्रांतीच्या संध्याकाळी ओट्यावर सतरंजी पसरली. कुलूप लावलेल्या दाराला आईने आंब्याचं तोरण बांधलं. ओट्याच्या एका टोकाला टोपल्या, मधे गॅसबत्ती, दुसऱ्या टोकाला अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगुळाचे डबे. अत्तर आणि मासळी यांचा एकत्र वास मी तोवर कधी घेतला नव्हता. आईचं म्हणणं खरं ठरलं. मोर्चाला न आलेल्या सगळ्या आल्या. काळ्या साड्या, गजरे, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी नवरीसुद्धा. नवऱ्यांना नाही म्हणायला जागाच नव्हती. हळदीकुंकवाला बायकोला पाठवायचं नाही, असं कुठला नवरा म्हणेल?

करंडा हातात घेऊन आत्या उभी राहिली आणि रांग थबकली.

पुढे आमच्याच मजल्यावरच्या एक आजी होत्या, फार सोवळ्याओवळ्याच्या. त्यांनी आत्याकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. मागून कुणीतरी कुजबुजलं. आईचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन बोलणारच होते, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "लाव की गं. किती वेळ उभं करशील? गुडघे बोलतात माझे." आणि कपाळ पुढे केलं. आत्याने कुंकू नीट लावलं आणि हातात शिट्टी ठेवली. आजींनी शिट्टी उलटसुलट करून पाहिली. "ही कशाला?"

"कुणी अंगावर आलं तर वाजवायची," आत्या म्हणाली.

आजींनी तिथल्या तिथे फुंकून पाहिली. असा आवाज आला की पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. नाल्यापर्यंत आवाज गेला असेल.

आणि त्या आवाजानेच जीप आली. की अध्यक्षकाकांच्या फोनने, कोण जाणे. साहेब उतरले, मागोमाग हवालदार, आणि स्कूटरवरून काका. साहेबांनी तोरण पाहिलं, टोपल्या पाहिल्या.

"काय चाललंय हे?"

"हळदीकुंकू," आई म्हणाली, आणि पदर डोक्यावरून घेतला. आईचा आवाज एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता.

"पोलीस चौकीत?"

"चौकीत नाही, साहेब. चौकी बंद आहे. ओट्यावर."

बायकांमधून खसखस पिकली. काका घाईने म्हणाले, "साहेब, मी यांना सांगितलं होतं की परवानगी..."

"आणि ह्या टोपल्या परत कशा आल्या?" साहेबांनी हवालदाराला विचारलं.

मावशी बसल्या जागेवरून बोलली, "आमी पाव्हण्या आलूत. आवतन हाय."

आत्या तिळगुळाची वाटी घेऊन साहेबांसमोर गेली. "तिळगूळ घ्या, साहेब. गोड बोलायचं नंतर बघू."

हवालदाराने खाली पाहिलं. मिशीत हसत होता. साहेबांनी तिळगूळ घेतला, पण खाल्ला नाही. ते हुशार होते. आवाज बदलून म्हणाले, "हे बघा, तुमचा उत्साह मला आवडला. असं करू. महिलांची एक समिती करू, अध्यक्षसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली. प्रत्येकीला बिल्ला, ओळखपत्र. फोटो काढू, पेपरात देऊ. फक्त ते पत्रक मागे घ्यायचं, आणि ह्या टोपल्या इथून हलवायच्या. पोलिसांना तुमचं सहकार्य हवंच आहे."

काही बायकांचे चेहरे फुलले. बिल्ला कुणाला नको असतो? मला वाटलं, संपलं सगळं. आम्ही इथवर आलो आणि बिल्ल्यावर विकले गेलो.

आत्या म्हणाली, "बिल्ला मी मैदानात कुणाला दाखवू?"

साहेबांनी काकांकडे पाहिलं.

"मी रोज त्या वाटेने येते," ती म्हणाली. "माझा हात पिळला ते इथून दिसलं असतं, मागच्या भिंतीला खिडकी असती तर, आणि खिडकीत माणूस असता तर. पत्रक माझ्या भाचीने लिहिलंय, त्यात खोटं काय आहे ते सांगा, तेवढी ओळ खोडून मागे घेऊ. या बायका इथून हलणार नाहीत. त्या नव्हत्या म्हणून मी पडले. तुम्हाला सहकार्य हवंय ना? आम्ही रोज संध्याकाळी इथे बसणार, तेच सहकार्य. तुमच्याकडून एक माणूस, सहा ते आठ, कुलूप उघडून. एवढंच."

"माणूस नाहीये माझ्याकडे, बाई."

"मग फोटो काढायला माणूस कुठून येणार होता?" मी म्हटलं.

काकांनी "अगं" म्हणून कपाळाला हात लावला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्रकवाली तूच का?"

"हो."

"विटा परत मागतेस?"

"माणूस मिळाला तर ठेवा."

साहेबांनी त्या संगमरवरी पाटीवर एक नजर टाकली. मग त्यांनी हवालदाराला विचारलं, "संध्याकाळी तुमची ड्यूटी कुठे?"

"साहेब, बंदोबस्त नसेल तर ठाण्यातच असतो. टेबलावर."

"टेबल इथे टाका." आणि जीपमध्ये बसता बसता आम्हाला म्हणाले, "बंदोबस्त असेल त्या दिवशी येणार नाही तो. मग ओरडू नका."

"त्या दिवशी आम्ही आहोत," आई म्हणाली.

हा काही विजय नव्हता, असं बाबांचे मित्र नंतर म्हणाले. व्यवस्था बदलली नाही, हळदीकुंकवाची प्रथा मोडायची ती तुम्ही रस्त्यावर आणली, वगैरे. मी त्यांच्याशी भांडले. मी आजही भांडेन. चोर कधी सापडले नाहीत, हे खरं. हवालदार आठवड्यातून चार दिवस यायचे, कधी दोन, हेही खरं. आल्यावर मावशीकडून सुके बोंबील घेऊन जायचे, पैसे देऊन. मागच्या भिंतीला खिडकी मात्र झाली. काकांनीच करवून दिली, आणि त्या खिडकीखाली आपल्या नावाची छोटी पाटी लावावी का, असं विचारलं तेव्हा सगळ्या बायका एकदम 'नाही' म्हणाल्या. जे लोक सहकार्य या शब्दाचा अर्थ मान डोलावणं असा लावतात, त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की दुसरी बाजूही मागणी करू शकते.

रथसप्तमीपर्यंत रोज कुणाचं ना कुणाचं हळदीकुंकू झालं. महिनाअखेर आली. पगाराच्या दिवशी बाबा घरी लवकर आले. आत्याने पाकीट टेबलावर ठेवलं. बाबांनी ते तिच्याकडे परत सरकवलं. "राजीनामा?" तिने विचारलं. "कसला?" बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

मला एकच धास्ती होती. रथसप्तमी झाली. आता हळदीकुंकू नाही, निमित्त नाही. बायका येणार कशाला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी बंदोबस्त होता, दाराला कुलूप होतं. मावशीने बत्ती पेटवली. थोड्या वेळाने आजी काठी टेकत आल्या, पाठोपाठ आई. मग एकेक करून आल्या. कुणी मेथी निवडायला आणली, कुणी लोकर. कुणी कुणाला आमंत्रण दिलं नव्हतं. गळ्यात शिट्ट्या होत्या, बोलणं सासवांचं आणि शाळेच्या फीचं चाललं होतं.

अंधारातून आत्या येताना दिसली. एकटी. मी तिला आणायला गेले नव्हते, त्या दिवशी तिने येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तिची चाल नेहमीसारखी भरभर होती. ओट्याजवळ आली तेव्हा आई म्हणाली, "बसा हो वन्सं घटकाभर."

"बसायला वेळ नाही," आत्या म्हणाली, "उद्या लवकर बोलावलंय." आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, कुणासाठीही न थांबता, घराकडे निघून गेली.